आधी डिस्क, मग दुरुस्ती

घरातला संगणक बंद पडला की आपल्याकडे तीन गोष्टी ठरलेल्या असतात. कुणीतरी बटन दहा वेळा दाबते, कुणीतरी कॅबिनेटवर एक थाप मारते, आणि तिसरे कुणीतरी म्हणते, "फॉर्मॅट मारून घ्या, मग काही राहत नाही." हे शेवटचे वाक्य किती खरे आहे ते बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. फॉर्मॅट मारल्यावर आपल्या हाती खरोखरच काही राहत नाही!

मोबाइल आले, लॅपटॉप आले, तरी आपल्या घरांतून टेबलावरचा जुना संगणक अजून पुरता गेलेला नाही. मुलगा बेंगळूरला किंवा पुण्याला नोकरीला लागतो आणि त्याचा संगणक आईवडिलांकडे राहतो. मॉनिटरवर क्रोशाचे झाकण, कीबोर्डवर प्लॅस्टिक, शेजारी उदबत्तीचे घर. आत मात्र लग्नाचे फोटो असतात, शेतीचे हिशेब असतात, कुणाची कुंडली, कुणाचे पेन्शनचे कागद. माझी नोकरीची वर्षे कचेरीतल्या संगणकांची देखभाल करण्यात गेली. त्यामुळे निवृत्त झालो तरी गौलीगुड्यातली मंडळी हक्काने हाक मारतात, आणि मीही पेचकस खिशात घालून निघतो.

आपल्या भागातल्या जुन्या मंडळींना गौलीगुडा म्हटले की बसस्टँडच आठवणार. बीदर, भालकी, उदगीर, देगलूरकडून हैदराबादला आलेला माणूस १९९४पर्यंत इथेच उतरायचा. त्या साली इम्लीबनचे मोठे बसस्थानक झाले आणि बाहेरगावच्या गाड्या तिकडे गेल्या. पण गौलीगुड्यातले ते पत्र्याचे अर्धगोल छप्पर, मिसिसिपी हँगर म्हणतात ते, तसेच उभे होते. १९३०च्या दशकात निजामाच्या राजवटीत अमेरिकेहून आणलेले, मुळात विमाने ठेवण्यासाठी बनवलेले, आणि त्याखाली पिढ्यान् पिढ्या लाल डब्याच्या गाड्या. ५ जुलै २०१८ला ते कोसळले. धोका ओळखून काही दिवस आधीच ते रिकामे केले होते, म्हणून कुणाला इजा झाली नाही. या छपराकडे पुन्हा यायचे आहे. आधी मावशींची गोष्ट.

मावशी आमच्या गल्लीच्या सर्वांच्याच मावशी. मूळच्या भालकीच्या. माहेर मराठी, सासर कन्नड. आईकडून जात्यावरच्या ओव्या घेतल्या, सासूबाईंकडून बीसुव पदा आणि लग्नातली सोबाने पदे घेतली. दळणाचे जाते एकच, हात दोन घरांचे. मराठी शाळेत शिकवायला होत्या तेव्हापासून त्यांनी हे सगळे वह्यांत उतरवले होते. अकरा वह्या झाल्या. २००८ साली मुलाने घरी संगणक आणला आणि मावशी एका बोटाने टंकू लागल्या. दुपारी जेवणे आटोपली की रोज एक-दोन पाने.

ऑक्टोबर २०२०मध्ये हैदराबादला जो पाऊस झाला तो टीव्हीवर तुम्हीही पाहिला असेल. मावशींच्या तळमजल्यावरच्या खोलीत पाणी शिरले. वह्यांची ट्रंक खाली होती, संगणक टेबलावर होता. वह्यांचा लगदा झाला, संगणक वाचला. "लिहून काढलं होतं म्हणून बरं," असे मावशी तेव्हा चार-चौघांना सांगत होत्या.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात तो संगणकही चालेना. दोन महिने नातीकडे बेंगळूरला राहून मावशी परत आल्या, प्लग लावला, बटन दाबले, तर थोड्या वेळाने निळा पडदा आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे. रिक्षात घालून यंत्र दुकानात नेले. दुकानदाराने पाच मिनिटांत निकाल दिला: "विंडोज गेली, डिस्कही गेल्यासारखी दिसते. फॉर्मॅट मारून बघतो, नाही तर नवीन घ्या." मावशी यंत्र तसेच उचलून घरी घेऊन आल्या आणि माझ्या दारात उभ्या राहिल्या. "अरे, त्यात माझ्या आईचं आणि अत्तेंचं सगळं आहे. हा पुसायचं म्हणतो. तू बघ की जरा."

त्या दुकानदाराला मी दोष देणार नाही. त्याच्यापुढे रोज वीस यंत्रे येतात आणि गिऱ्हाइकाचे एकच म्हणणे असते, "लवकर चालू करून द्या." फॉर्मॅटला तास-दीड तास लागतो आणि दहापैकी बऱ्याच वेळा यंत्र चालू होते. यंत्र चालू करणे आणि यंत्रातले वाचवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि दुसरे काम हवे आहे हे आपणच त्याला सांगावे लागते. दुकानात पाऊल टाकताच पहिले वाक्य हेच असावे: आतले हवे आहे, मला विचारल्याशिवाय काही पुसू नका. जमल्यास पावतीवर लिहून घ्या.

मावशींना वाटले मी आता बटन दाबून बघणार. मी बटनाला हातच लावला नाही. प्लग काढला, कॅबिनेटचे झाकण उघडले, हार्ड डिस्कचे चार स्क्रू आणि दोन वायरी काढून ती बाहेर घेतली. जाड वहीएवढी लोखंडी डबी. डिस्क यूएसबीला जोडण्याची एक वायर मिळते, चार-पाचशे रुपयांत, मोठ्या डिस्कसाठी तिच्यासोबत वेगळा अडॅप्टर येतो. कोटीच्या गुजराती गल्लीत मिळते, सिकंदराबादला पार्कलेनच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये मिळते, आणि आता बीदरलाही मिळत असेल. ती वायर लावून डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडली आणि कान जवळ नेला.

हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या असतात. घरच्या यंत्रात त्या बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेतात. वाचणारे टोक त्यांच्यावर तरंगत असते, आणि त्या दोहोंतले अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. चांगली डिस्क सुरू होताना एक बारीक सूर लावते आणि स्थिरावते. बिघडलेली डिस्क टक्, टक्, टक् करते, थांबते, पुन्हा टक्टक् करते. टोकाला आपली जागा सापडत नाही, ते परत परत मागे येऊन सुरुवात करते, त्याचा हा आवाज. तो ऐकला की त्या क्षणी वीज बंद करावी. पुन्हा एकदा लावून पाहण्याचा मोह आवरावा, कारण प्रत्येक वेळी ते टोक तबकडी खरवडत असू शकते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवली की चालते, असा एक नुस्खा फार वर्षे फिरतो आहे. आतल्या तबकडीवर दव धरले की उरलेसुरलेही जाते. लोणच्याची बरणी ठेवा फ्रीजमध्ये.

मावशींची डिस्क टक्टक् करीत नव्हती. सूर लावून स्थिरावली. लॅपटॉपच्या पडद्यावर तिचे कप्पे दिसू लागले आणि "ओव्या" नावाचे पाकीटही दिसले. मावशी पुढे सरसावल्या, "उघड, उघड!" मी म्हटले, "आधी प्रत, मग दर्शन." सगळे पाकीट लॅपटॉपवर उतरवले, मग तिथून एका वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर. पाऊण तास गेला. तेवढ्यात चहा झाला.

डिस्क आवाज न करता जाते का? जाते, आणि तीच खरी गोम आहे. २००७मध्ये गूगलच्या तीन संशोधकांनी आपल्याच कंपनीतल्या १ लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची एक नोंदवही ठेवत असते. किती कप्पे निकामी झाले, किती वेळा वाचताना चूक झाली वगैरे. क्रिस्टल डिस्क इन्फोसारखी फुकट मिळणारी साधने ती वही उघडून दाखवतात. त्या अभ्यासात असे दिसले की तबकडी तपासताना पहिली चूक नोंदली गेली, की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होते. म्हणजे वही बघण्यात अर्थ आहे. पण त्याच अभ्यासात हेही निघाले की मेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांच्या वहीत धोक्याची म्हणून ठरवलेली मुख्य चार लक्षणे मुळी नव्हतीच. गौलीगुड्याच्या छपराने पडण्याआधी इशारा दिला, माणसे बाहेर काढता आली. निम्म्या डिस्का तेवढीही सवड देत नाहीत. आजकालच्या एसएसडीत तर फिरणारे काहीच नसते, त्यामुळे टक्टक् होण्याचाही प्रश्न नाही. काल चालत होती, आज दिसत नाही, असे तिचे जाणे.

आता पाकीट उघडले. आणि मावशींचा चेहरा उतरला. पडद्यावर ओव्या नव्हत्या, नुसती इंग्रजी अक्षरे, मधेच डॉलरचे चिन्ह, मधेच कंस. "गेलं का रे सगळं?"

गेले नव्हते. युनिकोड घरोघर पोचण्याआधी मराठी टंकायची ती अशीच. आतून इंग्रजी अक्षरांचे आकडे आणि वरून मराठी अक्षरांचा मुखवटा. तो मुखवटा म्हणजे फॉन्ट. कन्नडवाल्यांना बरह आणि नुडीचे दिवस आठवतील, मराठीवाल्यांना डीटीपीच्या दुकानांतले फॉन्ट आठवतील. माझ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता, म्हणून मुखवटा गळून पडला होता. मावशींच्याच डिस्कवर विंडोजच्या पाकिटात फॉन्टचे एक उपपाकीट असते, त्यात मराठीचा आणि कन्नडचा असे दोन्ही फॉन्ट सापडले. ते लॅपटॉपवर बसवले आणि ओव्या उमटल्या. फॉर्मॅट मारला असता तर ओव्यांबरोबर हे फॉन्टही गेले असते. उद्या दुसरीकडून ओव्यांची प्रत मिळाली असती तरी वाचता आली नसती. तेव्हा जुनी मराठी-कन्नड कागदपत्रे जपणाऱ्यांनी फॉन्टचे पाकीटही सोबत जपावे, आणि सवड काढून सगळे युनिकोडमध्ये बदलून घ्यावे. ते काम मावशींची नात करते आहे.

आतले वाचले, आता यंत्र. इथून पुढे मला घाई नव्हती, आणि खरे सांगायचे तर मजाही येते.

बिघाड शोधण्याची रीत फार जुनी आहे. हैदराबाद आणि संगणक म्हटले की लोकांना हायटेक सिटी आठवते. तिथला सायबर टॉवर्स १९९८चा. पण त्याच्या तीस वर्षे आधी, १९६७मध्ये, अणुऊर्जा खात्याने इथे ईसीआयएल ही कंपनी काढली, आणि तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात घडलेला टीडीसी-१२ हा संगणक तिने बाजारात आणला. त्या पिढीची यंत्रे म्हणजे कपाटे. कपाटात ओळीने लावलेली कार्डे. दुरुस्ती म्हणजे संशयित कार्ड काढायचे, चांगले म्हणून माहीत असलेले लावायचे, आणि बघायचे. एका वेळी एकच कार्ड. दोन एकदम बदलली आणि यंत्र चालले, तर दोष कुणात होता ते कधीच कळत नाही आणि चांगले कार्ड भंगारात जाते. आजच्या घरच्या यंत्रालाही हीच रीत लागू.

सुरुवात भिंतीपासून करायची. तो खटका चालतो का हे दुसरा दिवा लावून बघावे. कितीदा तरी दोष भिंतीतल्या पॉइंटात असतो आणि बोल मदरबोर्डला लागतो. आणखी एक. कॅबिनेटला हात लागला की बारीक मुंग्या येतात अशी तक्रार आपल्याकडच्या जुन्या घरांत सर्रास ऐकू येते. याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की घराला अर्थिंग नाही, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत खुपसला आहे. तिथे संगणकाचा मेकॅनिक बोलावून उपयोग नाही, वीजवाला बोलवा, आणि लौकर.

मग एसएमपीएस, म्हणजे मागे पंखा असलेली ती डबी. भिंतीतली वीज घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून आत वाटते. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, तर पहिला संशय हिच्यावर. ती बदलावी, उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आत तीनशे व्होल्टच्या आसपास साठा काही वेळ राहू शकतो. मी इतकी वर्षे हेच काम केले, पण घरी कधी एसएमपीएस उघडत नाही.

झाकण उघडल्यावर हात घालण्याआधी डोळे आणि नाक वापरावे. जळका वास, पंख्याच्या पात्यांवरची गोधडीसारखी धूळ, कोपऱ्यातले झुरळाचे घर. मदरबोर्डवर नळकांड्यांसारखे छोटे कपॅसिटर उभे असतात, त्यांचे डोके सपाट हवे. पोळीसारखे फुगलेले असेल किंवा वरून तपकिरी ओघळ आलेला असेल, तर यंत्र मधेच बंद पडण्याचे कारण तेच. २०००नंतरच्या काही वर्षांत निघालेल्या बोर्डांवर हा रोग साथीसारखा आला होता. आतला द्राव सदोष होता, त्यामुळे जगभर लाखो कपॅसिटर वेळेआधी फुगले. त्यापायी डेल कंपनीने २००५मध्ये ३० कोटी डॉलरची तरतूद केली. ज्यांच्या घरी त्या काळातले यंत्र आहे त्यांनी झाकण उघडून एकदा बघाच. कपॅसिटर काही रुपयांना मिळतो, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा चांगला कारागीर तो बदलून देतो. नवा बोर्ड घ्यायचे कारण नाही.

मावशींच्या यंत्राचे कपॅसिटर ठणठणीत होते. डिस्क परत बसवली, बटन दाबले. पंखा फिरला, पण पडदा काळा आणि आतून पीप्, पीप्, पीप्. मावशी म्हणाल्या, "हे तर आधी नव्हतं! निळं तरी दिसत होतं." बरोबर आहे. हा नवा बिघाड दुकानातून घरी येताना रिक्षाने केला होता. गौलीगुड्याच्या गल्लीतली रिक्षा म्हणजे ताक घुसळणेच! यंत्राला पडद्यावर काही दाखवता येत नसले की ते असे पीप् करून बोलते. किती पीप् म्हणजे काय, हे बोर्ड बनवणाऱ्या कंपनीगणिक बदलते, पण सारखे पीप् वाजत राहिले तर पहिला संशय रॅमवर घ्यावा. रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या चिमट्या सोडून काढली. तिच्या कडेची सोनेरी पाती मळकट झाली होती. शाळेतला पांढरा खोडरबर घेऊन हलक्या हाताने पुसली, चुरा झटकला, पट्टी परत खाचेत दोन्ही टोकांनी टक् आवाज येईपर्यंत दाबली. हात लावण्याआधी प्लग काढलेला असावा आणि अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करावा. नायलॉनची साडी नेसून हे काम करू नये, असे मी मावशींना गमतीने म्हटले, पण ते खरेही आहे.

पीप् थांबले. पडद्यावर अक्षरे आली: सीमॉसची नोंद जुळत नाही, तारीख-वेळ ठरलेली नाही, एफ-१ दाबा. यंत्राच्या मते २००८ सालचा जानेवारी चालू होता. एफ-१ दाबले, विंडोजचे चिन्ह आले, आणि लगेच तो निळा पडदा.

सगळी गोष्ट इथे उलगडली. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो. सीआर २०३२ त्याचे नाव. २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, म्हणून २०३२. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि बोर्डाच्या खुणागाठी लक्षात ठेवणे हे त्याचे काम. प्लग लावलेला असेल तर भिंतीतली वीज ते काम करते आणि सेल विश्रांती घेतो. मावशींचा सेल कधीच थकला होता, पण प्लग सदा लावलेला, म्हणून कळत नव्हते. बेंगळूरला जाताना मावशींनी वीज पडण्याच्या भीतीने प्लग काढला, तो योग्यच होता. दोन महिन्यांत थकलेला सेल पुरता संपला आणि बोर्ड सगळे विसरला.

विसरलेल्या गोष्टींत एक महत्त्वाची होती. डिस्कशी बोलण्याच्या दोन रीती आहेत, जुनी आयडीई आणि नवी एएचसीआय. मावशींची विंडोज एक्सपी. ती जुन्या रीतीवर बसवलेली, तिला नवी रीत येतच नाही. बोर्ड खुणागाठी विसरला तो कारखान्यातून आला तेव्हाच्या सवयीवर गेला, म्हणजे नव्या रीतीवर. आता सून मराठीत विचारते आणि सासू कन्नडशिवाय बोलत नाही, अशी गत. आपल्या घरांत दोघी आठवड्यात जुळवून घेतात. विंडोजला ते येत नाही, ती निळा पडदा ओढून बसते. त्या पडद्याच्या तळाशी जो लांबलचक आकडा असतो, त्याची अखेर सात आणि बी अशी होती. म्हणजे ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे तीच सापडत नाही. डिस्क गेली असेल तरी हाच आकडा येतो. दुकानदाराने तोच अर्थ काढला असणार. पण डिस्क ठणठणीत आहे हे मला आधीच माहीत होते, कारण पाऊण तास तिच्याकडून प्रत उतरवून झाली होती. डिस्क आधी बाहेर काढण्याचा हाही फायदा. अर्धे निदान तिथेच होते.

कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातून सेल आणला. यंत्र सुरू होताना डिलीटची कळ दाबून बोर्डाच्या खुणागाठींत गेलो, तारीख-वेळ घातली, डिस्कची रीत परत जुनी केली, एफ-१० दाबून जतन केले. दोन मिनिटांत मावशींचे सरस्वतीचे चित्र पडद्यावर आले. एकंदर खर्च सेलचा, पन्नास रुपयांच्या आतला.

एक सूचना जाता जाता. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला, विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ला. याचा अर्थ ती यंत्रे मेली असा नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीसारख्या येत नाहीत. मावशींचे यंत्र इंटरनेटला जोडलेले नाही, ते फक्त टंकायला आहे, म्हणून चालते. बँकेचे व्यवहार अशा यंत्रावर करू नयेत.

प्रती आता तीन आहेत. एक मावशींच्या यंत्रात, एक बाहेरच्या डिस्कवर माझ्याकडे, आणि एक भालकीला त्यांच्या भाच्याकडे, कारण गौलीगुड्यात पुन्हा पाणी शिरले तर दोन्ही घरांत एकदमच शिरणार. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून गोळा करवलेल्या १ लाखाहून अधिक ओव्या आज 'परी'च्या संग्रहात कुणालाही वाचता-ऐकता येतात, हे मावशींना सांगितले तेव्हा त्या नुसत्या हसल्या. "आमच्याकडच्या मराठीत कन्नड शिरलेलं असतं. ते त्यांच्याकडे कुठून असणार?"

मग त्या टंकलेली पाने तपासत बसल्या. वही पहिली, दुसरी, तिसरी. नवव्या वहीच्या शेवटी पाने थांबली. पुढे काहीच नव्हते. दहावी आणि अकरावी त्यांनी टंकलीच नव्हती. मधल्या वर्षांत डोळ्यांचे ऑपरेशन झाले, मग यजमान गेले, ते राहूनच गेले होते. डिस्कची वही मी पुन्हा तपासली, पुसलेल्या जागाही धुंडाळल्या. नव्हतेच ते कधी त्यात.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग फोन उचलून भालकीला जावेला लावला आणि कन्नडमध्ये सुरू झाल्या. अत्ते हळद लावताना ते अमुक पद म्हणायच्या, त्याची दुसरी ओळ तुला आठवते का? तिकडून जाऊबाई चक्क गाऊ लागल्या. मावशींनी फोन खांद्याने कानाशी धरला आणि एका बोटाने टंकायला घेतले. दोन पदे त्या संध्याकाळी मिळाली, पुढच्या आठवड्यात आणखी तीन. दहाव्या वहीत किती होती, ते त्यांना नक्की आठवत नाही.